दोन सीटांची

मुहर्रकच्या गल्लीत, एसीच्या ठिबकत्या पाण्याखाली
भिंतीला टेकून उभी होती.
अठरा दिनार, वर्गीस म्हणाला.
मी सवयीनं रुपये केले.
रुपये करत बसलं तर इथे
कुणी चहासुद्धा पिणार नाही.

चेन गंजलेली, मागची सीट उन्हानं तडकलेली,
घंटी मात्र खणखणीत.
बायको कोट्टयमला परतल्यापासून
तो एकटाच न्यायचा बंदरापर्यंत.
"मागची पेडलं फिरतातच," म्हणाला,
"कुणी बसलेलं नसलं तरी."

आमच्या लिफ्टमध्ये मावायची नाही.
जूनमध्ये बसणार कोण तिच्यावर?
आणि व्हिसा तर मार्चपर्यंतच.
मी कारणं मोजत होतो,
मृणालिनी मागचं हँडल पिळून बघत होती.
वळतच नव्हतं ते.
"हे नुसतं धरायला?"
"हो. वळवणारा पुढे."
"आणि ब्रेक?"
"तेही पुढेच."

चौदा वर्षांपूर्वी माझ्या पाठोपाठ
विमानाच्या शिडीवरून उतरली होती,
तिथपर्यंत बहुतेक जाऊन आली.
मग ओढणीनं सायकलीची लांबी मापली,
जिथे संपली तिथे गाठ मारली.

"लिफ्टचं घरी गेल्यावर बघू," म्हणाली,
पुढच्या सीटवर टांग टाकत.
"आधी तू बस मागे."