एकवीसमधल्या नऊ

पिशवीत एकवीस मावतात.
फिजिओथेरपीवाली म्हणाली, नऊ.
खांद्यात दोन बोटं रुतवून तिने आकडा सांगितला,
वाण्याने वही न उघडता उधारी सांगावी तसा.

म्हणून बुधवारी रात्री, बशा धुऊन झाल्यावर,
टेबलावर तबकड्या मांडल्या.
एकवीस रंगीत बशा, ज्यांत कुणी कधी जेवलं नाही.
एकीत जेवलोय खरं तर. जुलैत, सातव्या टोपलीपाशी,
ताइस्तोने तिच्यातून ब्लूबेरी आणल्या होत्या,
कड अजून जांभळी आहे.
ती येणार. तिचा उपयोग विचारू नका.

पटर दोन. त्यात वाद नाही.
दोन्ही पांढऱ्या, दोन्हींच्या कडा खरबरीत,
साखळ्यांवर इतक्यांदा आदळल्यात
की डोळे मिटून जातील.
पहिली जाते.
दुसरी, पहिली गेली नाही की जाते.

हिरवी सरळ उडते.
लाकडाच्या गिरणीत मी एकतीस वर्षं फळ्या सरळ कापल्या,
तरी हातून सुटलेलं काही सरळ गेलं
की अजून मान वळवून बघते, कुणी पाहिलं का.

निळी घेते, ती पाण्यावर तरंगते.
इन्काने वाढदिवसाला दिलेलीही घेते.
मला ती मुळीच वळत नाही,
पण इन्का गुरुवारी सोबत असते
आणि पिशवीत डोकावते.

पिवळी माझी नाही.
बोरूत सापडली, पाठीवर मार्करने लिहिलेलं:
अर्व्हो, आणि एक नंबर.
तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एका बाईने सांगितलं,
हे सलून आहे, मंगळवारी बंद असतं.
चार वर्षं झाली, पाहुणी म्हणून आहे,
आणि पाहुण्याला घरी एकटं ठेवून
आपण कसं जायचं?

आता गुलाबी.
नवी होती तेव्हा हट्टी होती,
काही केलं तरी शेवटी डावीकडेच.
मग बर्चवर आपटली, पाइनवर आपटली,
एकदा ताइस्तोच्या गाडीवर,
आणि मवाळ झाली. आता उजवीकडे कलते,
ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखी.
इन्का म्हणते, आई, ही फेकून दे.
फेकतेच आहे की.
आठ वर्षं तेच करतेय.

लांब पल्ल्याची काळी हातात घेतली.
तिच्यावर तेरा लिहिलंय. तेरा म्हणजे वेग,
पण तो तिचा तिच्याकडे नसतो, हाताने द्यावा लागतो.
एकदा दिला होता, ब्याण्णव मीटर,
नीलोने पावलांनी मोजले, आणि त्याची ढांग लहान आहे.
सॉनाबाहेरच्या खुंटीवर, टॉवेलच्या मागे अडकवली.

तपकिरीही राहिली.
वाऱ्याच्या तोंडावर तीच एक टिकते,
पण काट्यावर सगळ्यांत जड,
आणि रेडिओ म्हणत होता, वारा नाही.

झाल्या आठ. नववीच्या जागी
राईच्या पावाचे दोन तुकडे, चीज घालून.

गुरुवारी सातव्यावर तळ्याकडून वारा आला.
समोरून, गार, थेट दातांवर.
ताइस्तो म्हणाला, तपकिरी काढ.
मी म्हणाले, ती घरी आहे.
तो म्हणाला, अच्छा.
घरी राहिलेली तबकडी कधीच चुकत नाही.

गुलाबी काढली. वाऱ्याने तिला पालथं केलं,
उजवीकडे, आणखी उजवीकडे,
बोरूच्या पलीकडे डुब्ब असा आवाज,
फार मोठा नाही.
निळी तरंगते. ही निळी नव्हती.

चौघांनी काठ्यांनी चिखल ढवळला.
इन्का पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरली,
एक शब्द न बोलता. मग पाव खाल्ला, उभ्यानेच.

पाठीवर माझं नाव आहे, हिल्लेवी,
आणि नंबर, आठातला एक आकडा पुसट.
कुणाला सापडली तर करतील फोन.
नाहीतर लागेल कुठल्यातरी सलूनला.

पिशवीत आता सात.
खांदा तरीही कुरकुरतोय.