पासंग

विश्रामबागेतल्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत,
एप्रिलातही पंखा बंद.
त्याची घरघर स्कोपच्या रेषेत उतरते,
सेकंदाला पन्नास वेळा कुणी उगाच मान हलवावी तशी.
शिकलगारांनी जुन्या छत्रीचं कापड टाचून
मला वीतभर अंधार शिवून दिलाय.

आत काच. काचेवर जांभळट थर,
जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर उरतो त्याहून कितीतरी पातळ.
लेसर टिचकी मारतो,
थरात एक जोडी जागी होते,
इलेक्ट्रॉन, आणि तो उठून गेल्यावर उरलेली जागा.

जागासुद्धा चालते, हे अण्णांना पटेना.
मी म्हटलं, बाकाच्या टोकाचा एक उठला,
शेजारचा सरकला, त्याच्या शेजारचा सरकला,
रिकामी जागा चालत भिंतीपर्यंत गेली.
'मग तसं म्हण की,' म्हणाले,
आणि डब्याचं झाकण उघडलं.

अण्णा मार्केट यार्डात तोलार.
चौतीस वर्षं राजापुरी हळद काट्यावर चढवली, उतरवली,
नखांच्या कडा पिवळ्या त्या पिवळ्याच.
त्यांच्या वहीत शेवटचा रकाना तुटीचा असतो,
ओल सुकली, पोतं उसवलं, वाटेत सांडलं.
माझ्या वहीतही तोच रकाना आहे,
फक्त सांडतं ते दिसत नाही.

दार उघडं ठेवायचं, म्हणजे दोन तारा जोडायच्या,
आणि कोण किती वेळात बाहेर पडतं ते बघायचं.
नंतर दार बंद.
बाहेर वाटच नाही म्हटल्यावर ती आतल्या आत फिरतात,
सापडतात एकमेकांना,
आणि व्होल्टेज उतरत जातं
सौदा मोडल्यावर यार्डातला गलका उतरतो तसं.
उजेड वाढवला की गर्दी वाढते, गाठी लवकर पडतात.
आम्ही त्याला तोटा म्हणतो.
दोघांना विचारलेलं नाही.

काही मात्र कुठल्याशा खाचेत बसून राहतात,
रेषेला लांब शेपूट फुटतं.
अण्णा ते बघून हसले,
'हा आमचा दत्तू हमाल.
पोतं भिंतीला टेकवून च्या प्यायला गेलाय. येईल.'

मग मी त्यांना अभिमानाने आकडे दाखवले.
तीन सॅम्पल, तीन वेगळ्या जाडीचे थर,
बाहेर पडायला लागलेला वेळ
एक पूर्णांक एक मायक्रोसेकंद,
एक पूर्णांक एक,
एक पूर्णांक एक.
बिरनाळे सर म्हणाले होते, सुबक आहे.

अण्णांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.
'तीन गावची हळद, आणि माप एकच?
पोती बघू नगंस. काटा बघ.
पासंग काढलास का?'

पंखा बंद, खोलीत उकाडा,
आणि मला मानेखाली गार वाटलं.
सर्किटमध्ये एक हजार ओहमचा रोध मीच बसवला होता,
सिग्नल ठसठशीत दिसावा म्हणून.
त्या रोधाचा आणि थराचा मिळून एक वेळ असतो,
भरायचा, रिकामं व्हायचा.
तो मायक्रोसेकंदाच्या आसपास येतो.
तीन आठवडे मी माझा काटाच तोलत होते.

पन्नास ओहम लावला.
रेषा बारीक झाली, थरथरली, गोंगाटात जवळजवळ बुडाली.
शिकलगारांनी पाण्याचा कूलरही बंद केला.
हजार टिचक्यांची सरासरी घेतली, मग आणखी हजार.
पहिला दोनशे दहा नॅनोसेकंद.
दुसरा तीनशे चाळीस.
तिसरा दर वेळी वेगळं काहीतरी सांगतो.
कदाचित त्याला हवा लागली असेल,
कदाचित कडेचा अॅल्युमिनियम सुटत असेल.

सरांना अजून सांगितलेलं नाही.
अण्णा शेवटच्या बसने गेले,
जाताना विचारत होते, यातून दिवा कधी लागणार,
आणि मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

वहीत लिहिलं, 'सॅम्पल तीन, पुन्हा.'
त्या पानाच्या कोपऱ्यावर एक पिवळा अंगठा आहे.
कधी लागला, कळलं नाही.