माया धरलेली नाही

मासिक जर्मन, दोन वर्षांपूर्वीचं.
आमच्या जिन्यात ते मार्चमध्ये शिरलं,
पाचव्या मजल्यावरून एकेक घर उतरत
माझ्याकडे आलं तेव्हा ऑगस्ट संपत आलेला.
मुखपृष्ठ गळालेलं, मधल्या पानावर जॅमचं बोट.
परत द्यायची मुदत: रविवार रात्र.

मला हवा होता एकविसाव्या नंबरचा कोट.
उंच कॉलर, उतरता खांदा, पट्टा नाही.
कापड आधीपासूनच होतं:
सासऱ्यांनी रेल्वेला कधीच परत न केलेली
करडी-निळी घोंगडी.

नकाशाचा कागद उलगडला की जेवणाचं टेबल संपतं.
एका कागदावर तेवीस कपडे एकमेकांवर निजलेले,
सलग रेघ, तुटक रेघ, ठिपक्यांची, फुल्याफुल्यांची.
बाही शोधत निघावं
आणि कुण्या परक्या पोराच्या विजारीत पोचावं.

तक्त्यात एक बाई असते,
तिची छाती, कंबर, नितंब एकाच रांगेत उभे.
मी छातीला अडतीस, कमरेला बेचाळीस,
खाली पुन्हा चाळीस.
तीन बायका जोडत जाते पेन्सिलीनं,
काखेपासून हलका उतार देत,
एमायोगी नदी तार्तूबाहेर पडताना घेते तसा.

तळाशी बारीक अक्षरांत सूचना.
हेल्वेला जर्मन येतं, तिने समासात लिहून ठेवलंय:
*शिवणीची माया धरलेली नाही.
ज्याची त्याने सोडावी.*

शनिवारी कागद खिडकीच्या काचेला लावला
आणि उजेडात भोकं दिसली.
माझ्याआधी इथून दातेरी चाकं फिरून गेलेली.
एकविसाव्याच्या पुढच्या भागावर, पोटापाशी,
एक ओळ छापील रेघ सोडून
चार बोटं बाहेर गेलेली,
सावकाश फुगून परत आलेली.
आणि दर अकरावं भोक गायब.

तुटक्या दाताचं चाक जिन्यात एकच आहे,
चौथ्या मजल्यावरच्या लैदाचं.

लैदा चव्वेचाळीस वर्षांची.
नवरा नाताळपासून मुर्मान्स्कच्या बोटीवर.
मी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले.
कुणाला बोलले नाही, हेल्वेलाही नाही,
आणि ते मला सोपं गेलं नाही.
फक्त दीड मीटर पिवळं फ्लॅनेल,
मुलगा मुलगी काहीही होवो म्हणून पिवळं,
तिच्या दाराच्या मुठीला अडकवून आले.

संध्याकाळी ती खाली उतरली, तोच कोट घालून,
हातात फ्लॅनेल.
दार लावलं, कडी लावली,
रेडिओ मोठा केला,
आणि बटणं सोडली.

आत दोन खिसे, कोपरापर्यंत खोल.
एकात मांस कारखान्याचं सॉसेज, दुसऱ्यात जीभ.
"हे बघ तुझं बाळ," म्हणाली,
"रोज चार वाजता जन्मतं,
फाटकावरच्या पहारेकऱ्यासमोर."
मग आम्ही इतक्या हसलो
की वरून कुणीतरी नळीवर चमचा वाजवला.

फ्लॅनेल तिने परत केलं नाही.
"खिशांना आतून लावते. अंगाला फार गार लागतं गं."

मग मला स्टुलावर उभं केलं.
जुन्या चादरीचा कच्चा कोट माझ्या अंगावर,
तिच्या तोंडात टाचण्या.
आपली पाठ आपल्याला मापता येत नाही;
आरशात मान वळवली की पाठही वळते.
डावा खांदा पडका आहे, तिने सांगितलं,
इतकी वर्षं बादल्या उचलल्यास त्या हाताने.
मला कुणी सांगितलंच नव्हतं.
टाचणी टोचली तिथे तिने अंगठा दाबून धरला.
"आणि पुढे माया जास्त सोड,
दीड सेंटिमीटरने काय होतं? चार सोड.
पोटाला नाही तर खिशाला लागेल."

मी चार सोडली.
चाक फिरवलं, रेघेच्या बाहेरून.

रविवारी रात्री मासिक खाली दिलं.
तळमजल्यावरची विर्वे उद्या
कागद खिडकीला धरेल,
माझी भोकं मोजेल,
आणि सकाळी जिन्यात भेटली
की आधी माझ्या पोटाकडे बघेल.