केसभर

विषुवांश टाकला, क्रांती टाकली,
चौकट पंधरा कलांची. पाठव म्हटलं.
बेतूलच्या जेटीवर ट्रॉलरांचे दिवे
इतके पांढरे, की डोक्यावरचं आकाश
मला सर्व्हरकडे मागावं लागतं.

सदतीस टक्क्यांवर नेट अडलं.
बर्फाच्या कारखान्यातून इनास आला,
ओल्या हातांनी स्टूल ओढून बसला.
"कधीचं गो हे?"
"त्रेपन्न सालचं. नोव्हेंबर."
"म्हणजे पाखल्यांच्या वेळचं.
तेव्हा इथे वीज नव्हती.
हेच बघून आजा होडी घालायचा."

उतरलं एकदाचं. उलटं:
आकाश पांढरं, तारे काळे,
माशीनं घाण केल्यासारखे.
मी त्यावर नव्वदची प्लेट ठेवली,
हे दाखव, ते दाखव,
हे, ते,
आणि एक ठिपका हलला.
सदतीस वर्षांत केसभर.

इनासचं लक्ष नव्हतंच तिकडे.
कोपऱ्यात बोट टेकवून म्हणाला,
"आणि हा केस कुणाचा?"

काचेवर पडलेला, तसाच स्कॅन झालेला,
कुणा रात्रपाळीवाल्याचा असेल.
यादीत त्याला दोष म्हणतात.

इनासनं बाहीनं पडदा पुसला.
दोनदा पुसला.
मग भोंगा झाला, तो लाद्या उतरवायला गेला.
पडद्यावर थोडं पाणी,
आणि केस होता तिथेच.