कीटण

लॅनिडलोस. वेल्समधल्या ह्या गावाचं नाव
माझ्या जिभेवर अजून नीट बसत नाही,
आणि मी मात्र आठवडाभर इथल्याच लोकांच्या
जिभा बाजूला सारून कीटण काढते.

शनिवारी इडवल दारात, हातात यांत्रिक करवत.
"सुरू होते. घुरघुरते. लाकडाला टेकवली की मरते.
खरवडण्यातल्या तुम्हीच जाणकार, म्हणून आलो."
त्यांच्या डाव्या दाढेवरची कॅप मीच बसवलेली.
नाही कसं म्हणणार?

ओट्यावर रद्दी पसरली. दोन स्क्रू, सायलेन्सर सुटला.
आतली जाळी टिकलीच्या पाकिटाएवढी,
तिच्या एका भोकातूनही उजेड येईना.
मागच्या खिडकीच्या कडांना
पाक करपल्यावर पातेल्याला धरतं तसलं
चकाकतं, टणक काळं.

मिरजेला अण्णांची लुना होती.
पंपावर टू-टी तेलाचा दांडा ते स्वतः दाबत,
माप झाल्यावर पुन्हा अर्धा. मायेचा.
दर दिवाळीआधी सायलेन्सर लोहाराच्या भट्टीत,
गल्लीभर वास, वाळवणं आत.
आई म्हणायची, अति तिथं माती.
माती नव्हे गं, काजळी, अण्णा म्हणायचे,
आणि पुढच्या महिन्यात पुन्हा अर्धा दांडा.

पोलादी हत्यारं मी खणातच ठेवली.
अ‍ॅल्युमिनियम मऊ. ओरखडा उठला
की पुढची काजळी नेमकी त्यातच घर करते.
इम्प्लांटलाही आम्ही प्लास्टिकच लावतो.
आइस्क्रीमची एक काडी तासली,
दोरी हळू ओढून पिस्टन असा वर आणला
की ती खिडकी त्यानंच अडवावी,
खपली आत पडायला नको.
मग खरवड. पूस. खरवड.
जाळी गॅसवर चिमट्यात, लाल होईपर्यंत,
नंतर पितळी ब्रश.

"तेल किती घालता?"
पन्नासाला एक. मापाची बाटली सोबत आणलेली.
तेल चांगलं, पेट्रोल मागच्याच आठवड्यातलं.
रात्री गोड खाता का, असं रुग्णाला विचारावं
त्या सुरात मी म्हटलं, "मग चालवता कशी?"

इडवल किटलीकडे बघत राहिले.

करवत हेवीनची. धाकटा भाऊ.
नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी
शेडमध्ये सुरू करतो. दहा मिनिटं.
कापत काही नाही,
नुसती घुरघुरू देतो.
तो पलीकडच्या बांधावर असायचा
तेव्हा दोन फांद्यांच्या मधे
सिगारेट वळेपर्यंत
असाच आवाज यायचा.

मंद चालीत इंजिन पुरतं तापत नाही,
तेल अर्धवट जळतं,
आणि अर्धवट जळलेलंच चिकटून बसतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, "हिला काम हवं. पोटभर."

गल्लीच्या तोंडाशी वादळात पडलेला अ‍ॅश होता,
रोगानं आधीच पोखरलेला. तिथं गेलो.
दोन मिनिटं तापू दिली, मग इडवलनी
थ्रॉटल पूर्ण दाबला.
आधी निळसर धूर, ठसका लागेल इतका,
मग विरळ, मग दिसेनासा.
भुसा त्यांच्या बुटांवर, माझ्या ओढणीवर.
पलीकडच्या उतारावरच्या मेंढ्या
एकदा वर बघून पुन्हा चरू लागल्या.

बुंध्याचे सात तुकडे झाल्यावर बंद केली.
कानांत तो आवाज जरा वेळ तसाच.
"ही हेवीनची नाही वाटत," ते म्हणाले.
"तो कधी इतकी ओरडू द्यायचा नाही."
मला वाटलं, चूक झाली.
त्यांनी टाकीचं झाकण उघडून पाहिलं,
"पेट्रोल आहे अजून," म्हणाले,
आणि फांद्यांकडे वळले.

सोमवारी हातमोज्याच्या आत
अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ होती,
कडुनिंबाच्या काडीलाही न जुमानणारी.
तोंड उघडा, मी म्हटलं.
आणखी थोडं.