मुलांचा कोपरा

मुख्य पानावर निविदा, परिपत्रकं, माहितीचा अधिकार,
आणि पार तळाशी, बोटभर जागेत,
मुलांचा कोपरा.
तो मी केला. कंत्राटी, अकरा महिन्यांसाठी,
बेलापूरला, पाणीपुरवठा विभागात,
जिथून खाडी दिसते,
पण साहेबांच्या केबिनमधून.

आधी मी खेकडा काढला होता.
भरतीच्या चिखलातला, एक नांगी मोठी, डोळे काडीवर.
साहेब म्हणाले, खेकडा नको.
खेकडा म्हटलं की लोक टोमणा समजतात,
त्यातून तो चालतो तिरका.
मग थेंब ठरला. थेंबाला टोपी, टोपीवर बोधचिन्ह.
नावासाठी समिती बसली
आणि चहाच्या दोन फेऱ्यांनंतर उठली:
जलकुमार.

खेळ सोपा.
एक घर, पाच नळ, पाचही गळके.
मूल बोटाने नळ बंद करतं,
जलकुमार टाळ्या वाजवतो,
पुढच्या घरात सात नळ.
शेवटच्या घराला पोहण्याचा तलाव.
(तो मी नाही घातला. वरून आला.)

उद्घाटनाला नारळ, हार, आणि साहेबांच्या हस्ते माउस.
महिन्याने भेट देणाऱ्यांचा आकडा सदतीस.
त्यातली तीस मीच.

मार्चमध्ये अभिप्रायाच्या चौकटीत
पहिल्यांदा काही पडलं.
लखन धोत्रे, चौथी ब, दगडखाण, तुर्भे.
शाळेच्या संगणकावरून. ऱ्हस्वदीर्घ आपापल्या मर्जीचे.
"खेळ छान आहे पण नळ खूप आहेत.
आमच्याकडे नळच नाही तर बंद कुठला करू.
टँकर टाका. टँकर आला की आई पाइप धरते
मी आणि सोनी हंडे सरकवतो.
थेंब सांडत नाही. मी जिंकेन."

उत्तर पाठवायची सोय
आम्ही केलीच नव्हती.

साहेबांना दाखवलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाले, टँकरचा विभाग वेगळा.
तेही खरंच.

करार संपायला नऊ दिवस राहिले तेव्हा
पाचव्या आणि सहाव्या घराच्या मधे
मी एक रस्ता काढला:
चढ, धूळ, खडीचा ढीग, निळी पिंपं,
दोन मुलं, हंड्यांची रांग.
टँकरचा भोंगा खालच्या रस्त्यावरून फोनमध्ये भरून आणला.
नळ नाही. बंद करायला काहीच नाही.
फक्त भरायचं आणि सांडायचं नाही.
खेळून पाहिलं.
सहा वेळा हरले.

त्या रस्त्याचं दार कुठल्याच यादीत नाही.
डावीकडे, कांदळवनाच्या मुळांत,
काडीवर दोन डोळे आहेत.
त्यांच्यावर बोट ठेवलं
की आधी मोठी नांगी बाहेर येते,
मग तो सगळाच,
आणि तुम्हाला घेऊन निघतो
तिरका.

आता मी वाशीत एका दवाखान्यासाठी
हसरी दाढ काढते.
अधूनमधून तो कोपरा उघडते.
जलकुमारची टोपी तशीच. आकडा एकसष्ट.
टँकरच्या रस्त्यावर सर्वाधिक गुण: ल. धो.
सांडलेलं पाणी: शून्य.

त्याच्या खाली सोनी.
तिची एक कळशी लवंडलीय.