जिथून उचलला तिथेच

पहाटे साडेपाचला अफसरभाई गाडीला चावी देतात
आणि नानलपेठेतली कुत्री एकदम उठतात.
डिझेलचा तो खोकला ओळखतात ती.
मला वासावरून.
दोनदा आंघोळ केली तरी आमच्याच गल्लीतली कुत्री
माझ्यावर भुंकते.
शेजारी म्हणतात, पगार कुत्र्यांचा खातो, भुंकणारच.

कागदावर आम्ही श्वान निर्बीजीकरण पथक,
परभणीच्या तोंडी कुत्तागाडी.
तक्रार करणारा दार लावून घेतो
आणि जाळं पडलं की त्याचीच बायको गॅलरीतून:
हळू धरा की हो, मुकं जनावर आहे.

मार्चात धार रोडच्या नाल्यालगत गेलो.
पत्र्याची एकोणीस घरं.
फॉर्म नाल्यापलीकडच्या सोसायटीचा:
तांबडा नर, डाव्या डोळ्यावर पांढरं, वय अंदाजे चार.
केवळाबाई पिठाच्या हातांनी आडवी आली.
"तलाठ्याला कुठं न्यायलास रे?"
मुंजाजी हसला. तलाठी?
"दिसभर बसून ऱ्हातो, कागद घेऊन आलेल्यावर गुरगुरतो,
भाकर घेतल्याबिगर हलत नाही.
मंग काय कलेक्टर म्हनू?"

सातबारा नव्हता त्या वस्तीला.
तलाठी तेवढा होता.

सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं:
मावशी, ऑपरेशन होईल, कानाचं टोक कापतील,
रेबीजची सुई देतील,
सातव्या दिवशी इथंच आणून सोडू, या दगडापाशी.
नियमच आहे तसा.
तिनं दगडाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.
"अन् मीच नसले तर?"
तुम्ही कुठं जाणार, मावशी.

पिंजरा क्रमांक अकरा.
तीन दिवस त्यानं तोंड लावलं नाही.
चौथ्या दिवशी लोमटे डॉक्टरीणबाईंनी
आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी कुस्करली,
पाण्यात नाही, ताकात.
खाल्ली.
मग बाईंच्या फायलीवर गुरगुरला.

सातव्या दिवशी गाडी नाल्याशी वळली
आणि अफसरभाईंनी ब्रेक दाबला. बोलले नाहीत.
सपाट होतं सगळं.
मातीत जेसीबीच्या दातांच्या रेघा,
एकावर एक रचलेले पत्रे,
चुलीचं एक थान, अजून काळं.

अतिक्रमण विभाग आमच्याच मजल्यावर आहे,
तीन दारं सोडून.
बुधवारी त्यांच्या साहेबांसोबत चहा प्यालो होतो मी.
उद्या मोठं काम आहे, म्हणाले.
मी कुठं ते विचारलं नाही.
साखर जास्त झाली होती, एवढं आठवतं.

दगड होता. मूळ जागेपासून दोन हात सरकलेला.
मुंजाजीनं पिंजरा उघडला.
तलाठी उतरला, मोजणीला आल्यासारखा फिरला:
इथं रांजण, इथं न्हाणी, इथं कुणाची तरी सायकल.
प्रत्येक ठिकाणी नाक.
एका ठिकाणी पाय वर.
मग केवळाबाईचं दार होतं तिथं बसला,
रस्त्याकडं तोंड करून.

परत घेऊ का गाडीत, मी मुंजाजीला विचारलं.
तो म्हणाला, साहेब, नियम.

रकाना होता: सोडल्याचे ठिकाण.
लिहिलं, जिथून उचलला तिथेच.
खोटं नव्हतं.
कागद घडी घालून खिशात ठेवला
तेव्हा कुठं त्याचं गुरगुरणं थांबलं.

आता रविवारी माझ्या गाडीवरून जातो, भाकरी घेऊन.
केवळाबाईचं विचारतो.
कुणी म्हणतं पूर्णेला लेकीकडं,
कुणी म्हणतं मानवतच्या जिनिंगवर,
चहावाला म्हणतो, कोण केवळाबाई?

काल सोसायटीचा नवा फॉर्म आलाय:
तांबडा नर, कानाचं टोक कापलेलं,
रिकाम्या प्लॉटवर बसतो,
मोजणीवाल्यांना आत येऊ देत नाही.

टेबलावर आहे फॉर्म.
पंख्यानं उडू नये म्हणून
वर पाण्याचा तांब्या ठेवलाय.